छापखान्याची वही आणि पॉइंटांचं कार्ड

क्रेडिट कार्ड घ्यायचं म्हटलं की माणसं कार्डांची यादी उघडून बसतात. कुठल्या कार्डावर खर्चामागे बक्षीस म्हणून किती पॉइंट, कुठल्यावर विमानतळाचा लाउंज, कुठलं फुकट. माझं म्हणणं असं, की कार्ड धंद्यासाठी हवं असेल तर आधी आपल्या खर्चाची वही उघडावी. यादी नंतर. आमच्या छापखान्यासाठी कार्ड घेताना मी हेच केलं. वहीने जे दाखवलं ते एकाही जाहिरातीत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

छापखाना पुण्याच्या पेठेतला. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापत सुरू केलेला. आता दोन ऑफसेट मशीन आहेत, एक छोटं डिजिटल आहे आणि हाताखाली मोजकी पण जुनी माणसं आहेत. पुस्तकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, कंपन्यांची माहितीपत्रकं आणि श्रावण संपता संपता दिवाळी अंक. अशा धंद्यात पैसा रोज बाहेर जातो आणि अधूनमधून आत येतो. कार्डाचा विचार सुरू झाला तो यामुळेच. खर्च रोजचा आहे, तर त्यातून काही परत का मिळू नये?

माझा पुतण्या ओंकार हिशेबात बसतो. त्याने चार कार्डांचा सुरेख तक्ता करून आणला. "काकू, हे बघ, प्रवासावर पाचपट पॉइंट आहेत. शिवाय लाउंज फुकट." त्याला म्हटलं, आधी वर्षभराचा खर्च रकान्यांत मांडू, मग कार्डाकडे बघू. दोघांनी मिळून मांडला. जवळजवळ निम्मा खर्च कागदाचा. त्याखालोखाल पगार. मग प्लेट, शाई, रसायनं, बाहेर दिलेलं बायंडिंग आणि लॅमिनेशन, वीज, जागेचं भाडं, टेम्पोचं डिझेल, जीएसटी. आणि शेवटी किरकोळ वाटणाऱ्या पण दर महिन्याला न चुकता येणाऱ्या गोष्टी: डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं भाडं, कुरियर, इंटरनेट, ऑनलाइन मागवलेले सुटे भाग, डिजिटल मशीनचं टोनर.

पगारावर कार्ड चालत नाही. भाड्यावर बऱ्याच बँका पॉइंट देत नाहीत आणि वर शुल्क लावतात. डिझेलवर पॉइंट नसतात, फार तर एक टक्का अधिभार माफ होतो. जीएसटीचा भरणा कार्डाने केला तर सहसा पॉइंट मिळत नाहीत, उलट व्यवहार शुल्क पडतं. विजेच्या बिलावर काही कार्डं पॉइंट देतात, तेही ठरावीक रकमेपर्यंत. अशी एकेक ओळ खोडत गेलो, तेव्हा कार्डाला खरोखर उपयोगी पडेल असा खर्च महिन्याला पन्नास हजारांच्या आसपास उरला. एवढ्या मोठ्या वहीतला एवढासा तुकडा! ओंकारचा तक्ता सगळ्या खर्चावर पॉइंट धरून बनवलेला होता. जाहिराती आपल्याला तसाच हिशेब करायला लावतात.

याचं एक कारण इतिहासात आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं कार्ड निघालं ते हॉटेलांतली बिलं भागवण्यासाठी. धंद्यानिमित्त गिऱ्हाइकाला जेवायला नेणारा माणूस त्यांच्या नजरेसमोर होता. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार उडणाऱ्यांसाठी मैल मोजायला सुरुवात केली, आणि १९८७ मध्ये ते मैल सिटीबँकेच्या कार्डाला जोडले गेले. पॉइंटांची ही सगळी घडी विमान, हॉटेल आणि जेवणं अशा खर्चावर बसलेली आहे. आपल्याकडे १९८० मध्ये मुंबईच्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने स्वतःचं कार्ड काढलं, नंतर इतर बँका आल्या, पण बक्षिसांची घडी तीच राहिली. सल्लागार, औषध कंपन्यांचे अधिकारी, देशभर फिरणारे विक्रेते यांचा खर्च त्या घडीत नीट बसतो. त्यांनी प्रवासाचं कार्ड जरूर घ्यावं. छापखाना, फाउंड्री, पापड-लोणच्यांचा कारखाना यांचा खर्च कच्च्या मालाचा असतो. आमचा प्रवास म्हणजे टेम्पो.

कागदाची गोष्ट जरा तपशिलात सांगते, कारण निम्मा खर्च तिथे आहे आणि मोहही तिथेच आहे. आमचे कागदाचे व्यापारी जुने आहेत, शेठ मोठे सचोटीचे. गल्ल्याशेजारी कार्डाचं मशीन आहे, पण ते उघड सांगतात, "ताई, कार्ड दिलंत तर दोन टक्के वर पडतील. आणि पैसे माल उचलताना. चेकने द्या, तीस दिवस आहेतच की." यात त्यांचं काही चुकत नाही. क्रेडिट कार्डाने पैसे घेतले की व्यापाऱ्याला साधारण दीड ते दोन टक्के बँकेला द्यावे लागतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. कागदाच्या घाऊक धंद्यात मुळात नफाच रीममागे थोडा. ते दोन टक्के ते पदरचे घालतील कुठून?

मग आम्ही लाख रुपयांच्या आर्ट पेपरचा हिशेब मांडला. कार्डाने घेतला तर दोन हजार जास्त गेले. पॉइंट एक टक्का धरले तर हजार रुपये परत आले. खरेदी कार्डाचं बिल तयार होण्याच्या तारखेनंतर लगेच केली तर पंचेचाळीस दिवस सहज बिनव्याजी मिळतात. आमच्या कॅश क्रेडिट खात्याचा, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून लागेल तसं उचलायच्या कर्जाचा, व्याजदर ११ टक्के धरला, तर लाखावर पंचेचाळीस दिवसांचं वाचलेलं व्याज १,३५६ रुपये. हजार अधिक १,३५६ म्हणजे २,३५६. खर्च दोन हजार. ओंकार खूश झाला, "काकू, साडेतीनशे सुटतात!" पण शेठ तीस दिवस तसेही देतात, एक रुपयाही न घेता. म्हणजे कार्डाने मिळालेले जास्तीचे दिवस पंधराच, आणि त्यांचं व्याज ४५२ रुपये. हजार अधिक ४५२. समोर दोन हजार. लाखामागे साडेपाचशेचा तोटा, आणि वर वर्षानुवर्षांची उधारी मोडल्याची शेठच्या मनातली अढी वेगळीच. छोट्या धंद्यात उधारी ही पत असते. टंचाईच्या काळात, मिलकडून माल येत नाही तेव्हा, शेठ आपली रिमं कुणासाठी बाजूला ठेवतील? पॉइंटांच्या हिशेबात हे कुठे धरायचं, हे कुठलंही कार्ड सांगत नाही.

कार्ड न घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही कार्डाने पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपन्या आहेत, असं ओंकारने कुठेतरी वाचलं होतं. तुमच्या कार्डावरून त्या पैसे उचलतात आणि व्यापाऱ्याच्या खात्यात टाकतात. याच प्रकारच्या एका व्यवस्थेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंदी घातली. एका कार्ड नेटवर्कच्या व्यवस्थेत मधली कंपनी मोठ्या रकमा अशा खात्यात गोळा करत होती, ज्याला त्यासाठीची मंजुरीच नव्हती, आणि पैसे देणारा कोण, घेणारा कोण याची माहितीही नियमाप्रमाणे सोबत जात नव्हती. आपला कागदाचा पैसा अशा वाटेने पाठवायचा आणि मध्येच वाट बंद झाली तर शेठना काय सांगायचं? मी तो विषय तिथेच मिटवला.

बायंडरचीही गोष्ट सांगायला हवी. पुठ्ठा, कापड, खळ यांच्या पसाऱ्यात बसून हाताने पुस्तकं बांधणारी ही माणसं. त्यांच्या भिंतीवर यूपीआयचा क्यूआर कोड लावलेला असतो. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याला शुल्क नाही, म्हणूनच हे कोड इतक्या आतल्या गल्लीपर्यंत पोचले. २०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि मग त्याच कोडवर उधारीने पैसे देता येतात. लहान दुकानदाराला दोन हजार रुपयांपर्यंत त्याचा भुर्दंड पडत नाही. त्यापुढे मात्र पडू शकतो. तेव्हा आमच्याकडे नियम असा केला, की किरकोळ सामान कोड स्कॅन करून कार्डावर घ्यायचं, पण बायंडरचे मजुरीचे पैसे खात्यातूनच जायचे. ज्याच्या मजुरीवर पुस्तक उभं राहतं त्याच्या खिशातून आपले पॉइंट काढायचे नाहीत. पॉइंट आकाशातून पडत नाहीत. काही दुकानदाराच्या शुल्कातून येतात, काही थकबाकी ठेवणाऱ्यांच्या व्याजातून. एवढं ध्यानात असलं की "फुकट" हा शब्द वाचताना माणूस थांबतो.

आता पॉइंटांच्या भावाकडे येऊ. पॉइंट हे चलन प्रत्येक बँकेचं वेगळं. कुठे एका पॉइंटला वीस पैसे, कुठे पंचवीस, कुठे एक रुपया, आणि तोही तुम्ही तो कशावर खर्च करता त्यावर ठरतो. ओंकारने निवडलेल्या कार्डावर दीडशे रुपयांमागे चार पॉइंट होते आणि एका पॉइंटचा भाव पंचवीस पैसे. म्हणजे दीडशेला एक रुपया, ०.६७ टक्के. प्रवासावर पाचपट म्हणजे ३.३३ टक्के, हे खरं, पण आमच्या पन्नास हजारांत प्रवास नावालाच होता. त्यासमोर एक साधं कार्ड होतं, सरसकट एक टक्का कॅशबॅक, वार्षिक शुल्क नाही. वर्षाला सहा लाख खर्च धरला तर साध्या कार्डाचे सहा हजार परत आले. प्रवासाच्या कार्डाचे चार हजार, त्यातून वार्षिक शुल्क २,५०० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून २,९५० वजा. राहिले १,०५०. तक्त्यात जे कार्ड सगळ्यात रंगीत दिसत होतं ते वहीपुढे असं फिकं पडलं.

शुल्काचं कार्ड वाईटच असतं असं मात्र नाही. शुल्काच्या कार्डावर फुकटच्या कार्डापेक्षा अर्धा टक्का जास्त परत मिळत असेल, तर २,९५० रुपये वसूल व्हायला ५ लाख ९० हजारांचा खर्च व्हावा लागतो. धंद्याच्या नावाचं कार्ड असेल, बिलावर आपला जीएसटी क्रमांक असेल आणि त्या जीएसटीचं क्रेडिट घेता आलं, म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करता आला, तर पाच लाखांतच भागतं. ज्यांचा कार्डाचा खर्च वर्षाला पंधरा-वीस लाखांचा आहे त्यांनी हा हिशेब जरूर करावा. एक गोष्ट मात्र आधी वाचावी: "अमुक खर्च केल्यास शुल्क माफ" यात भाडं, इंधन, कर असा खर्च धरतात की नाही. पुष्कळ कार्डांवर धरत नाहीत. महिन्याच्या कॅशबॅकला कमाल मर्यादा असते तीही बारीक अक्षरात. पॉइंट बदलून घेताना शुल्क पडतं, पॉइंटांना मुदत असते, आणि बँक कधीही पॉइंटचा भाव उतरवू शकते. गेल्या काही वर्षांत प्रवासाच्या नावाजलेल्या कार्डांवर हे घडलेलं आहे. वर्षानुवर्षं पॉइंट साठवून ठेवणाऱ्यांचं नुकसान तिथेच होतं. कॅशबॅक पुढच्या बिलातून वजा होतो आणि विषय संपतो, म्हणून माझा कल तिकडे.

दुकानाच्या कोडचीही गंमत कळून घेण्यासारखी आहे. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला चार आकडी वर्ग क्रमांक दिलेला असतो. पेट्रोल पंप ५५४१, भाडं ६५१३, वीज-पाणी ४९००, कराचा भरणा ९३११, स्टेशनरी आणि छपाईचा कागद ५१११. बँकेला तुम्ही काय घेतलंत ते दिसत नाही, हा आकडा दिसतो. एका पुरवठादाराकडून आम्ही शाई आणि रोलर धुण्याचं रसायन घेतो. त्याचा जोडधंदा पेट्रोल पंपाचा, आणि कार्डाचं मशीनही पंपाच्याच नावावर. आम्ही शाई घेणार आणि बँक समजणार डिझेल भरलं! म्हणून नव्या पुरवठादाराकडे पहिली खरेदी छोटी करायची, बिलात तिच्यावर पॉइंट पडले का ते बघायचं, मग मोठी. ओंकारने आता प्रत्येक पुरवठादारापुढे "पडतात" किंवा "नाही" असं लिहून ठेवलंय.

परदेशी सॉफ्टवेअरच्या भाड्याचंही असंच. परकीय चलनातल्या व्यवहारावर बहुतेक कार्डं साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लावतात, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. एक टक्का परत मिळवायला चार टक्के घालवण्यात काय अर्थ? डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं बिल भारतातल्या कंपनीकडून रुपयांत येतंय ना, हे आधी पाहून घेतलं. शिवाय दरमहा आपोआप कापली जाणारी रक्कम पंधरा हजारांच्या वर असली तर दर वेळी ओटीपी द्यावा लागतो. ऐन कामाच्या गर्दीत तो राहून गेला आणि सॉफ्टवेअर बंद पडलं तर मुखपृष्ठ अडकतं. आमचं भाडं पंधरा हजारांच्या आत बसतं, म्हणून ते निश्चिंतपणे कार्डाला जोडून टाकलं.

आणि आता व्याज. धंद्याच्या कार्डाचं सगळं भलंबुरं इथे ठरतं, असं मला वाटतं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला बेचाळीस. त्यावर अठरा टक्के जीएसटी. लाख रुपये एक महिना थकले तर ३,५०० अधिक ६३०, एकूण ४,१३०. एक टक्क्याच्या कार्डावर एवढे पैसे परत मिळवायला चार लाखांहून जास्त खरेदी करावी लागेल. आणि किमान रक्कम भरून वेळ मारून नेली तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे बँक बिलावर छापते, पण वाचतं कोण?

आमच्या धंद्यात हा धोका दिवाळी अंकांच्या दिवसांत सगळ्यात मोठा. कागद ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावा लागतो. अंक घटस्थापनेनंतर बाजारात जायला लागतो. संपादकाचे पैसे जाहिरातदारांकडून येतात, आणि जाहिरातदार अंक हातात पडल्यावर, पुष्कळदा दिवाळी उलटून गेल्यावर, चेक काढतात. विक्रेत्यांकडचा हिशेब आणखी पुढे. संपादक मनापासून काम करणारी माणसं आहेत, कुणी लबाड नाही, पण पैसा फिरून छापखान्यात येईतो मार्गशीर्ष लागतो. कार्डाची पन्नास दिवसांची मुदत या चक्रापुढे तोकडी पडते. सप्टेंबरात कार्डावर घेतलेल्या कागदाचं बिल ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचं आणि पैसे डिसेंबरात यायचे! मधला महिना-दीड महिना बेचाळीस टक्क्यांनी काढायचा. तेव्हा हंगामाचं भांडवल कार्डावर उभं करायचं नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम आहे. त्यासाठी कॅश क्रेडिट आहे, शेठची उधारी आहे, संपादकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम आहे. कार्डाने फक्त तेच घ्यायचं ज्याचे पैसे आज खात्यात आहेत.

कायदा छोट्या उद्योगाच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या आमच्यासारख्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत मिळायला हवेत, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. आणि २०२३-२४ पासून अशी देणी मुदतीत न दिल्यास ती त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाहीत. कंपन्यांच्या हिशेबनिसांना याची जाणीव झालीय, मार्च जवळ आला की त्यांचे फोन स्वतःहून येतात. पण ज्या संपादकाशी सासऱ्यांपासूनचं घरोब्याचं नातं आहे त्याच्याकडे तिप्पट व्याज कोण मागणार?

बिलाची तारीख बदलून घेता येते, हे अनेकांना माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांसाठीचे निर्देश सांगतात, की बिलाचं चक्र बदलायची संधी कार्डधारकाला किमान एकदा मिळाली पाहिजे. आमच्याकडे कंपन्यांचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात. म्हणून बिल वीस तारखेला तयार होईल आणि भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास येईल असं करून घेतलं. पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला दिली. "किमान रक्कम" आणि "पूर्ण रक्कम" असे दोन पर्याय अर्जात शेजारीशेजारी असतात, तिथे नीट बघून खूण करावी. त्याच निर्देशांत आणखी चांगल्या गोष्टी आहेत. न मागता कार्ड पाठवून त्याचे पैसे लावले तर बँकेला ते माघारी घेऊन वर दुप्पट दंड द्यावा लागतो. बाकी काही नसेल तर आपण सांगितल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाही तर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला. माझ्या मैत्रिणीच्या केटरिंगच्या व्यवसायाचं जुनं कार्ड बंद करणं एका बँकेने असंच लांबणीवर टाकलं होतं. तिने या नियमाचा उल्लेख करून एक ईमेल लिहिला आणि काम झालं.

स्वतःच्या नावाचं कार्ड वापरावं की धंद्याच्या? एकट्या मालकीच्या धंद्यात बहुतेक जण घरचंच कार्ड वापरतात. किराणा, मुलाची फी आणि छापखान्याचं टोनर एकाच बिलात. मला ते मुळीच पटत नाही. वर्षाला एका बँकेच्या कार्डाचं दहा लाखांहून जास्त बिल भरलं की त्याची माहिती आयकर खात्याकडे जाते. ती जायला हरकत नाही, पण कुणी विचारलं तर यातलं धंद्याचं किती आणि घरचं किती, हे एका झटक्यात दाखवता यायला हवं. शिवाय मर्यादेच्या मानाने कार्ड फार वापरलं की सिबिलचा, म्हणजे आपली पत दाखवणारा आकडा खाली सरकतो, आणि उद्या मशीनसाठी कर्ज मागताना मालकाचा हाच आकडा बँक आधी बघते. आमच्या सीए मॅडम तर म्हणाल्या, "वहिनी, पॉइंट नाही मिळाले तरी चालतील, पण कार्ड वेगळं ठेवा." कॅशबॅकही त्यांनी खर्चातून वजा दाखवायला सांगितला. तो छापखान्याचा आहे, घरातल्या मिक्सरसाठी नाही.

आमच्याकडे आता साधं कॅशबॅकचं कार्ड आहे, रुपेचं, बिनशुल्क. ओंकारच्या नावाने एक जोडकार्ड काढलं, त्याला वेगळी मर्यादा घातली. टोनर, कुरियर, सुटे भाग तो बघतो. महिन्याचं बिल आलं की दोघं बसून एकेका ओळीपुढे जॉब नंबर, म्हणजे तो खर्च कुठल्या छपाईच्या कामाचा ते, लिहितो. हे मला कार्डाचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. पूर्वी सुट्या पावत्या ड्रॉवरमध्ये साचायच्या आणि एखाद्या पुस्तकाला बाहेरच्या कामांचा खर्च किती आला हे अंदाजाने ठरायचं. आता लॅमिनेशनच्या फिल्मपासून कुरियरपर्यंत प्रत्येक रुपया कुठल्या जॉबवर पडला ते दिसतं, आणि पुढच्या कामाचं कोटेशन त्यावरून देता येतं. पन्नास हजार रुपये सरासरी महिनाभर बिनव्याजी वापरायला मिळतात, त्याचे कॅश क्रेडिटच्या दराने वर्षाला साडेपाच हजार वाचतात, आणि कॅशबॅकचे सहा. साडेअकरा हजारांसाठी एवढा खटाटोप, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, खटाटोप हिशेबासाठी केला, आणि हिशेब लागला.

येत्या वर्षात डिजिटलची कामं वाढणार आहेत. टोनर आणि खास कागद मुंबईच्या पुरवठादाराकडून ऑनलाइन येतो आणि तो कार्डावर एक पैसाही जास्त लावत नाही. तो खर्च महिन्याला लाखावर गेला की शुल्काच्या कार्डाचा हिशेब पुन्हा मांडायचा, असं ओंकारने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. त्या वेळी त्याचं म्हणणं बरोबर निघालं तर मी आनंदाने सही करीन.